उसन्या देहाची लांबी

गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या लाकूड-आगारात पडलेला सागाचा लठ्ठा मोजायची वनखात्याची एक जुनी रीत आहे. मध्यावर टेप गुंडाळून गोलाई घ्यायची, तिची चौथाई काढायची, चौथाईचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. झाले घनफळ. शाळेत भूमिती शिकलेले कोणतेही पोर सांगेल की हे उत्तर चूक आहे. लठ्ठा गोल असतो, आणि या रीतीने त्याचे घनफळ खऱ्यापेक्षा साडेएकवीस टक्क्यांनी कमी येते. तरीही या रीतीवर पिढ्यानपिढ्या लिलाव झाले आणि पैसे चुकते झाले. चूक किती आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. ती दर वेळी एकाच बाजूला झुकते, शिवाय चिरताना लाकूड वाया जाणारच असते.

उभ्या झाडाची गोष्ट याहून नाजूक. तिथे जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला गोलाई घेतात आणि तक्ता उघडतात: अमुक गोलाईच्या सागातून इतके घनमीटर लाकूड. हा तक्ता कोणी खोलीत बसून केलेला नसतो. त्याच भागातली पुष्कळ झाडे तोडून, तुकड्यातुकड्याने मोजून तो तयार होतो. म्हणून एका प्रदेशाचा तक्ता दुसऱ्या प्रदेशाला लावताना जाणता वनाधिकारी बिचकतो, आणि तक्त्यात बसत नाही एवढे थोराड झाड समोर आले तर तक्ता मिटून ठेवतो.

आलापल्लीहून दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर सिरोंचा आहे. प्राणहितेच्या काठी, सिरोंच्याजवळच्या कोटा गावाचा चुनखडक भूशास्त्राच्या पुस्तकांत दीडशेहून अधिक वर्षे नांदतो आहे. १८५०च्या आसपास इथले खवलेदार मासे दगडातून निघाले आणि थेट लंडनच्या भूशास्त्रीय सभेत जाऊन बसले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच काळात या खोऱ्यात आणि वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात जीवाश्म गोळा करत हिंडत होते. पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी, पामेला रॉबिन्सन यांच्या पुढाकाराने, हे खोरे पिंजून काढले. पोचमपल्लीच्या परिसरात त्यांना प्रचंड हाडे मिळाली. त्यात मांडीचे एक हाड १.७ मीटर लांबीचे, म्हणजे धडधाकट माणसाएवढे. १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. म्हणून त्या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोराचे नाव पडले बारापासॉरस टागोराय. त्यातला ‘बडा पा’ बंगालीतला, थोरल्या पायाचा. रीतसर वर्णन मात्र १९७५ साली प्रसिद्ध झाले.

हा प्राणी किती लांब होता? जुन्या पुस्तकांत १८ मीटर सापडते. अलीकडच्या सविस्तर अभ्यासांत आकडा १४ मीटरच्या आसपास आला आहे. मधल्या काळात एकही हाड आखडले नाही. मग चार मीटर गेले कुठे?

या लेखाचा मुद्दा याच प्रश्नात आहे. जीवाश्मावरून सांगितलेली लांबी ही कधीच एका प्राण्याची नसते. थोडी त्या प्राण्याची असते आणि उरलेली, बहुधा मोठी, त्याच्या ज्या नातेवाइकाचा देह आपण उसना घेतो त्याची. ‘अमका सरपटणारा प्राणी २५ मीटरचा होता’ या वाक्यात उसन्या देहाचे नाव नसेल तर ते वाक्य अर्धेच आहे. मला वाटते ते छापूच नये.

शितावरून भाताची परीक्षा करायला आपण सगळेच शिकलेलो असतो. ती जमते, कारण सगळी शिते एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. जीवाश्मांच्या बाबतीत शीत हातात असते आणि पातेले शेजाऱ्याचे.

याचा सर्वांत उघड दाखला जमिनीवरचा नाही, समुद्रातला आहे. इंग्लंडच्या सॉमरसेट किनाऱ्यावर लिलस्टॉक इथे मे २०१६ मध्ये पॉल दे ला साल या हौशी संग्राहकाला हाडाचा एक लांबुळका तुकडा मिळाला. जोडल्यावर ९६ सेंटिमीटर भरला. डीन लोमॅक्स आणि सहकाऱ्यांनी ओळखले की हे इक्थिओसॉर या माशासारख्या सागरी सरीसृपाच्या खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाचे हाड आहे, आणि तेही अपुरे. बाकी शरीर नाही. आता लांबी काढायची कशी? कॅनडात सापडलेला शोनिसॉरस सिकानिएन्सिस हा २१ मीटरचा मानला जातो. त्याच्या जबड्यातल्या याच हाडाशी ताडून पाहिले तर लिलस्टॉकचे हाड पाव पटीने मोठे. म्हणून प्राणी २६ मीटरचा. पण बेसानोसॉरस नावाच्या दुसऱ्या, बऱ्याच लहान नातेवाइकाचे प्रमाण लावले तर उत्तर येते २२ मीटर. हाड तेच, टेप तीच. देह बदलला आणि चार मीटर नाहीसे झाले.

चार मीटरांत काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. लांबी एका दिशेने वाढते, वजन तिन्ही दिशांनी. २२ चे २६ झाले की आकार तोच धरूनही वजन दीडपटीहून जास्त होते. आणि वजन ही शोभेची गोष्ट नाही. प्राणी दिवसाला किती खात होता, किती वेगाने पोहत होता, अंगातली ऊब कशी राखत होता, त्या समुद्रात असे किती प्राणी पोसले जाऊ शकत होते, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे वजनावर उभी असतात. म्हणून ‘केवढा मोठा होता?’ या प्रश्नाला मी पोरकट म्हणणार नाही. तो नीट विचारला तर फार गंभीर प्रश्न आहे.

बारापासॉरसची मांडी आणि इक्थिओसॉरचा जबडा यांत एक फरक आहे, आणि तो मला या साऱ्या विषयातला सर्वांत रंजक भाग वाटतो. जमिनीवर चालणाऱ्या चतुष्पादाचे सगळे ओझे चार पायांवर येते. ओझे वाढले की हाड जाड व्हावेच लागते, नाहीतर मोडेल. म्हणून पुढच्या पायाच्या दंडाचे हाड आणि मागच्या पायाच्या मांडीचे हाड, या दोहोंचा घेर घेतला तर उंदरापासून हत्तीपर्यंत वजनाशी त्याचे नाते बऱ्यापैकी सरळ लागते. १९८५ साली अँडरसन, हॉल-मार्टिन आणि रसेल यांनी ही रीत घातली. २०१२ मध्ये कॅम्पिऑन आणि इव्हान्स यांनी ती कितीतरी जास्त प्राण्यांवर पारखून घेतली. जिवंत प्राण्यांवर ही रीत लावली तर सरासरी पंचवीसेक टक्के चूक होते. पंचवीस टक्के म्हणजे थोडे नव्हे, पण चूक मोजलेली आहे, आणि मोजलेली चूक आगारातही चालते आणि शास्त्रातही. छातीच्या उंचीची गोलाई आणि मांडीच्या हाडाचा घेर, दोन्हींच्या मागे विचार एकच: जे ओझे पेलते, त्याच्या जाडीत ओझ्याची नोंद असते.

पाण्यात ही नोंदच होत नाही. पाणी वजन उचलते. वल्ह्यासारख्या पायांवर देहाचा भार नसतो, त्यामुळे त्यांच्या जाडीवरून वजनाबद्दल काही म्हणजे काही कळत नाही. देवमासा किनाऱ्यावर अडकला की स्वतःच्याच वजनाखाली गुदमरतो. पाण्यात तेच वजन त्याच्या कोणत्याही एका हाडाला जाणवत नसते. म्हणून सागरी सरीसृपांच्या बाबतीत अभ्यासकांच्या हाती प्रमाणांखेरीज काही उरत नाही. जबड्यावरून डोके, डोक्यावरून धड, धडावरून शेपूट. मोसासॉर या सागरी सरीसृपांसाठी जबडा एकास अंग दहा असे ढोबळ प्रमाण कित्येक वर्षे वापरात आहे. रशियातल्या पेन्झाच्या एका मोसासॉरसच्या १.७ मीटरच्या खालच्या जबड्यावरून २०१४ मध्ये १७ मीटरचा प्राणी उभा राहिला तो याच प्रमाणाने. हा साधा गुणाकार आहे. तो चुकला असेल असे नाही, पण या पाढ्यामागे तोडून मोजलेली झाडे किती, हे विचारायला हवे.

अंगाच्या फुगवट्याचा पुरावा तर आणखी दुर्मीळ. जर्मनीतल्या होल्झमाडेनच्या काळ्या पाटीच्या दगडात इक्थिओसॉरची त्वचेची कडासुद्धा उमटलेली आहे, पाठीवरचा पर आणि शेपटीचा चंद्रकोरी आकार त्यामुळेच कळला. पण ते प्राणी बहुतेक दोन-चार मीटरचे. त्यांचा बांधा पंचवीस मीटरच्या अंगावर चढवायचा म्हणजे तक्त्याबाहेरच्या झाडाला तक्ता लावण्यासारखेच झाले.

आणि जिथे सांगाडा बराचसा पुरा आहे तिथेही माणूस थांबत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डच्या मोहिमेने क्रोनोसॉरस या प्लायोसॉर घराण्यातल्या सागरी सरीसृपाची हाडे नेली. १९५९ मध्ये तो संग्रहालयात उभा राहिला तेव्हा लांबी भरली १२.८ मीटर. हाडे इतकी झिजलेली होती की मोठा भाग प्लास्टरने भरावा लागला, आणि भरता भरता मणके जास्त झाले. सहकाऱ्यांनी चेष्टेने त्याला ‘प्लास्टरोसॉरस’ म्हटले. पुढच्या अभ्यासांत क्रोनोसॉरस साडेदहा मीटरच्या आसपास आला. दूरचित्रवाणीचे औदार्य याहून मोठे. बीबीसीच्या १९९९च्या गाजलेल्या मालिकेत त्याच घराण्यातला लायोप्लुरोडॉन २५ मीटरचा झाला होता. हाडांवरून तो सहा-सात मीटरचा ठरतो. त्या वेळची शाळकरी पोरे आज पालक आहेत आणि पुष्कळांच्या डोक्यात अजून तो २५ मीटरच पोहतो आहे.

आपल्याकडेही हेच. कच्छच्या लोडाईजवळ इक्थिओसॉरचा जवळजवळ सलग सांगाडा मिळाला. २०१७ मध्ये गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. लांबी साडेपाच मीटर. इथे उसनवारी फार थोडी, कारण मणके जागच्या जागी होते. त्याच कच्छमध्ये पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत वासुकी इंडिकस या सापाचे २७ मणके मिळाले. देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी त्याचे वर्णन एप्रिल २०२४ मध्ये केले. मणक्याच्या रुंदीवरून लांबी काढायच्या दोन रीती त्यांनी वापरल्या. एकीने १०.९ ते १२.२ मीटर दिले, दुसरीने १४.५ ते १५.२. शोधनिबंधात दोन्ही आहेत, प्रामाणिकपणे. बातम्यांत मात्र पंधरा मीटर. लोडाईचा जवळजवळ पुरा सांगाडा आज कितीजणांना आठवतो? ज्याची लांबी पक्की तो विसरला जातो आणि जिच्याबद्दल दोन रीतींचे एकमत नाही ती लांबी लोकांच्या तोंडी राहते.

या हव्यासाचे टोक तमिळनाडूत आहे. अरियलूर भागात कल्लमेडूला सापडलेल्या हाडांवरून यादगिरी आणि अय्यासामी यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस एका प्राण्याला बृहत्कायोसॉरस असे नाव दिले, तेही आधी मांसाहारी समजून. पुढे तो लांब मानेचा शाकाहारी असावा असे मत झाले. पायाच्या नडगीचे हाड दोन मीटरचे सांगितले गेले. पण ती हाडे इतकी ठिसूळ होती की ती टिकलीच नाहीत; आज उरली आहेत ती रेखाटने आणि काही जुनी छायाचित्रे. त्या छायाचित्रांवरून २०२३ मध्ये पॉल आणि लारामेंडी यांनी वजन काढले: ११० ते १७० टन. गणित करणारे दोघेही या कामात मुरलेले आहेत, आणि त्यांनी पट्टा दिला आहे, एकच आकडा नव्हे. तरी माझे मन राजी होत नाही. जे हाड पुन्हा कोणी मोजू शकत नाही त्यावर साठ टनांचा पट्टा उभा करून त्याचे करायचे काय?

इथे विरुद्ध बाजूचे म्हणणे मांडले पाहिजे, कारण ते कच्चे नाही. वर्णन झालेला नमुना हा त्या जातीतला सर्वांत मोठा असण्याची शक्यता फारच कमी असते. आलापल्लीजवळच्या ‘वनवैभव’मध्ये, सुमारे सहा हेक्टरांच्या त्या राखून ठेवलेल्या जंगलात, डोळे मिटून ज्या सागाला हात लागेल तो तिथला सर्वांत थोर साग निघेल का? मॅलन आणि होन यांनी २०२४ मध्ये टायरॅनोसॉरसबद्दल हेच संख्याशास्त्राने मांडले: जातीतला सर्वांत थोराड प्राणी आज ठाऊक असलेल्या सर्वांत मोठ्या नमुन्यापेक्षा ७० टक्क्यांपर्यंत जड असू शकतो. मग मोठा आकडा छापला तर बिघडले कुठे? इक्थिओसॉरच्या बाबतीत तर आणखी पुरावा आला. २०२० मध्ये सॉमरसेटच्याच ब्लू अँकरच्या किनाऱ्यावर जस्टिन रेनॉल्ड्स आणि त्यांची मुलगी रुबी यांना लिलस्टॉकसारखेच दुसरे हाड मिळाले, दोन मीटरहून लांब असावे असे. २०२४ मध्ये त्या प्राण्याला इक्थिओटायटन सेव्हर्नेन्सिस हे नाव मिळाले. हाडाच्या सूक्ष्म रचनेवरून दिसते की प्राणी मेला तेव्हा अजून वाढत होता.

हे सगळे मला मान्य आहे. पण ‘या जातीत एवढा मोठा प्राणी होऊ शकतो’ आणि ‘हा प्राणी एवढा मोठा होता’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले संभाव्यतेचे, दुसरे मोजमापाचे. शास्त्रज्ञ दोन्ही वेगळी लिहितात. बातमी, पाटी आणि पर्यटनाची पुस्तिका त्यांचा एकच आकडा करतात. सारा दोष पत्रकारांवर टाकणेही बरोबर नाही. प्राण्याला टायटन किंवा बृहत्काय असे नाव देताना शास्त्रज्ञांनीच निकाल आधी लावलेला असतो.

शिवाय सुधारणा होतात, त्यांचे काय? २०२३ मध्ये पेरूतल्या पेरुसेटस या प्राचीन देवमाशाचे वजन ८५ ते ३४० टन सांगितले गेले, तेरा मणके, चार बरगड्या आणि कमरेच्या एका हाडावरून. निळा देवमासा मागे पडला म्हणून जगभर मथळे झळकले. पुढच्याच वर्षी मोतानी आणि पायनसन यांनी हिशेब पुन्हा केला. १७ मीटरच्या देहाला ६० ते ७० टन आणि २० मीटर धरले तर ९८ ते ११४. पहिली बातमी पाहिलेल्या किती जणांच्या कानावर ही दुसरी पडली असेल?

चंद्रपूर आणि गडचिरोलीत हा प्रश्न दूरचा नाही. सिरोंचा वनविभागात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. तिथे दगड झालेले वृक्षांचे बुंधे आहेत. पाहुणे आणायचे तर ‘महाकाय’ हा शब्द लागतोच, असे नियोजनाच्या बैठकीत कोणीतरी म्हणणारच. म्हणो बापडे. पण समुद्री राक्षस या खोऱ्यात शोधू नयेत. कोट्याच्या चुनखडकाच्या काळी, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी, इथे गोड्या पाण्याची तळी आणि नद्या होत्या, समुद्र नव्हता. त्या तळ्यांतले मासे, मगरींचे नातलग आणि मिलिमीटरांत मोजायचे सस्तन प्राण्यांचे दात हेच इथले वैभव. जे. बी. एस. हाल्डेन यांच्या नावाने ओळखला जाणारा कोटाथेरियम हाल्डेनाय हा असाच एका दातावरून ठरलेला प्राणी. त्या दाताच्या मालकाची लांबी कोणी मथळ्यात छापली नाही, आणि त्यामुळे त्याचे महत्त्व कणभरही कमी झालेले नाही.

पिसदुऱ्याचा अनुभव याच बाजूने बोलतो. तिथल्या शेपटीच्या मणक्यांवरून जीवाश्मतज्ज्ञ लायडेकरने १८७९ मध्ये टायटनोसॉरस या डायनासोराची एक जात केली. टायटनोसॉरस हे मूळ नावच पुढे, २००३ मध्ये, विल्सन आणि अपचर्च यांनी बाद ठरवले, कारण ज्या खुणांवर ते उभे होते त्या घराण्यातल्या इतरांतही आढळतात. टायटन गेले. पण त्याच पिसदुऱ्याच्या दगड झालेल्या विष्ठेत २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग आणि सहकाऱ्यांना गवताचे सूक्ष्म कण मिळाले, आणि डायनासोरांच्या काळी गवत नव्हते ही समजूत मोडली. जे विचारले ते न सांगता न विचारलेले सांगायची या दगडांना खोड आहे.

आता राहिला बारापासॉरस. पोचमपल्लीच्या परिसरातून सुमारे ३०० हाडे निघाली आणि ती किमान सहा प्राण्यांची आहेत. सोबत झाडांचे मोठमोठे बुंधे होते. पुराने सगळे एकत्र वाहून आणले असावे. कवटी मिळालीच नाही. कोलकात्याच्या संस्थेत जो सांगाडा उभा आहे तो त्यामुळे एकाच प्राण्याचा नाही. नदीपलीकडे तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यामनपल्लीला सापडलेला कोटासॉरस तर बारा प्राण्यांच्या हाडांतून जुळवला. तो हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात आहे. लांबी नऊ मीटर. कोणाची लांबी, असे विचारले तर खरे उत्तर ‘बारांपैकी कोणाचीच नाही’ असे द्यावे लागेल.

एकसंध देहाच्या भुकेल्याला हे कमीपणाचे वाटेल. मला हीच या खोऱ्याची मिळकत वाटते. एकाच जातीचे सहा किंवा बारा प्राणी एका ठिकाणी मिळाले तर मांडीची हाडे आपसांत किती कमीजास्त भरतात, लहान वयात पायाचे कण्याशी प्रमाण काय आणि मोठेपणी काय, हे मोजता येते. म्हणजे उसन्या देहाऐवजी त्याच जातीचा तक्ता. लिलस्टॉकच्या एकाकी जबड्याला हे मिळणार नाही. त्याच्या आसपास आणखी सांगाडे निघेपर्यंत तो २२ आणि २६ च्या मध्ये तरंगत राहणार. प्राणहिता-गोदावरीच्या हाडांवर मात्र हे काम आज करता येते. ती कोलकात्याला आणि हैदराबादला आहेत, नोंदलेली आहेत, ठिसूळ होऊन नाहीशी झालेली नाहीत. सिरोंच्याच्या पाटीवर एखादा आकडा हवाच असेल तर बारापासॉरसची १४ मीटर लांबी जरूर लिहावी, आणि तिच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, किती प्राण्यांच्या हाडांवरून ती काढली तेही.